तुटपुंज्या मिळकतीत घरचे ताट: चिकपेटच्या संदर्भात एका जुन्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

तुटपुंज्या मिळकतीत घरातील सर्वांना महिनाभर पुरेसे, पोषक आणि तोंडाला रुचेल असे अन्न कसे पुरवावे, हा प्रश्न वरकरणी गृहिणीच्या हुशारीचा वाटतो. परंतु गेल्या सुमारे दीडशे वर्षांत दुष्काळनिवारण करणारे अधिकारी, आहारशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया या सर्वांनी तो आपापल्या परीने मांडला आहे, आणि प्रत्येकाने ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ निराळा घेतला आहे. कोणी तो उष्मांकाच्या, म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेच्या भाषेत सांगितला, कोणी ताटाच्या किमतीत, तर कोणी चुलीपुढे जाणाऱ्या वेळात. या निरनिराळ्या मापांचा मेळ अद्याप नीट बसलेला नाही, आणि तो का बसत नाही हे समजून घेणे हा प्रस्तुत आढाव्याचा हेतू आहे.

या चर्चेसाठी बंगळूरची चिकपेट हे स्थळ अनेक कारणांनी सोयीचे आहे. सोळाव्या शतकात पहिल्या केंपेगौडाने वसवलेल्या पेठांपैकी ही एक असून, तिच्या आसपासच्या पेठांची नावेच अन्नव्यवहाराची साक्ष देतात: अक्कीपेट म्हणजे तांदळाची पेठ, रागीपेट म्हणजे नाचणीची, गाणिगरपेट म्हणजे तेल्यांची. तरगुपेट ही धान्याच्या घाऊक व्यापाराची जुनी जागा असून, १९२८ साली बांधलेली कृष्णराजेंद्र मार्केटची भाजी-फुलांची मंडई येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. तेव्हापासूनच्या मराठी वस्तीचे धागे, पुढे आलेल्या नामदेव शिंपी व भावसार क्षत्रिय समाजांच्या कापडाच्या आणि शिलाईच्या व्यवसायातून, या भागात टिकून राहिले. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि ताटात दोन्ही, असे हे स्वयंपाकघर आहे. म्हणूनच महाराष्ट्रातील आमटी-भाकरीचे आणि दक्षिण कर्नाटकातील सारू-मुद्देचे, म्हणजे पातळ कालवण आणि नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचे, असे काटकसरीचे दोन्ही प्रकारचे शहाणपण येथे एकत्र पाहता येते.

घाऊक बाजाराच्या शेजारी राहिल्याने धान्य घाऊक दराने मिळते, असा मात्र कोणाचा समज होऊ नये. घाऊक व्यापारी पोत्याने विकतो. ज्याची मजुरी रोजची आहे आणि ज्याच्या खोलीत डबे ठेवायला एक फळी आहे, तो पावशेराने आणि पुडीने घेतो व त्यामुळे दर किलोमागे जास्त पैसे मोजतो. हातावर पोट असणाऱ्याला बसणारा हा जादा भुर्दंड स्वस्त स्वयंपाकाविषयीच्या बहुतेक उपदेशांत धरलेलाच नसतो.

पार्श्वभूमी: किमान अन्नाचा शोध

भारतातील या वादाचा आरंभ एका दुःखद प्रसंगाने झाला. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, मुंबई इलाखा आणि म्हैसूर संस्थान भीषण दुष्काळाने होरपळत असताना, हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजच्या मजुरीतील धान्य एक पौंडावर, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमवर, आणले. मद्रासचे आरोग्य आयुक्त विल्यम कॉर्निश यांनी शरीरकष्ट करणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरणार नाही आणि केवळ धान्यावर तो जगणारही नाही, अशी जोरदार हरकत घेतली. खर्च कमीत कमी किती ठेवता येईल आणि शरीराला कमीत कमी किती लागते, ही दोन टोके तेव्हाच समोरासमोर आली होती.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये आणि समाधानकारक आहाराची आखणी या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून वाढली. म्हैसूरमध्ये १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांपासून प्रथिनयुक्त स्वस्त मिश्रण तयार केले. त्याच दशकांत अमेरिकेत हाच प्रश्न गणिताचा झाला होता. जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये ७७ पदार्थांमधून आवश्यक पोषकद्रव्ये पुरवणारा, जवळजवळ सर्वांत स्वस्त असा आहार काढला, आणि तो १९३९ च्या दराने वर्षाला ३९.९३ डॉलरमध्ये बसला. मात्र त्यात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा एवढेच होते. असे जेवण कोणी वर्षभर खाईल का, हा प्रश्न त्या गणिताच्या बाहेर राहिला आणि आजही सर्व स्वस्त-आहार गणितांच्या बाहेरच उभा आहे.

पुण्यातील वाद: उष्मांक किती

मराठी वाचकाने या विषयात विशेष लक्ष द्यावे असा वाद पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात माणशी रोज २२५० उष्मांक ही पुरेशा अन्नाची कसोटी मानली. १९६०-६१ च्या दराने त्यासाठी लागणारा माणशी मासिक खर्च त्यांनी ग्रामीण भागात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये धरला. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक ही प्रमाणे ठरवली, आणि दारिद्र्यरेषा हा शब्द घरोघरी गेला.

अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे अनेक वर्षे प्रमुख राहिलेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेले पां. वा. सुखात्मे यांनी या कसोटीच्या मुळावरच बोट ठेवले. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज आणि ती वापरण्याची शरीराची क्षमता काळानुसार बदलत राहते. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशी समजला तर भुकेल्यांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रथिनांची म्हणून सांगितली जाणारी कमतरता बहुतांशी अन्नच अपुरे पडल्याने येते, आणि स्वच्छ पाणी व आरोग्य यांच्याविना खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. दांडेकरांनी त्यांचे संख्याशास्त्रीय गृहीतक नाकारले. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही, कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते या म्हणण्यातून खुजेपणालाच निरोगीपणाचे नाव मिळण्याचा धोका दाखवला. दोन्ही बाजूंना गरिबाच्या ताटाविषयी सारखीच कळकळ होती, ही गोष्ट या वादाकडे मागे वळून पाहताना विसरता येत नाही.

पुढे दारिद्र्यरेषेच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समित्यांपैकी सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांची थेट कसोटी सोडली आणि प्रत्यक्ष खर्चावर भर दिला, तर रंगराजन समितीने २०१४ मध्ये उष्मांकांच्या जोडीला प्रथिने आणि स्निग्धांश यांचीही प्रमाणे घेतली. २०११-१२ साठी शहरी माणसाचा किमान मासिक खर्च पहिल्या पद्धतीने १००० रुपये, तर दुसऱ्या पद्धतीने १४०७ रुपये ठरला. केवळ पद्धत बदलल्याने रेषा एवढी सरकते, यावरून कोणत्याही एका आकड्यावर किती विसंबावे याचा अंदाज येतो.

पोट की चव

मिळकत वाढली तरी माणशी उष्मांक कमी होताना दिसतात, हे १९८० नंतरच्या भारतीय खर्च-पाहण्यांतील कोडे अर्थतज्ज्ञ अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये तपशिलाने मांडले. शारीरिक कष्ट कमी झाल्याने गरज घटली असावी, हे त्यांनी एक संभाव्य कारण म्हणून पुढे ठेवले. अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांना मात्र हीच घट वाढत्या उपासमारीची खूण वाटते. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी हाती थोडे अधिक पैसे आले की गरीब माणूस अधिक धान्य घेण्याऐवजी अधिक चवदार अन्न घेतो, हे निरीक्षण नोंदवले आणि हा त्याच्या जगण्याचा समंजस भाग आहे असे मानले. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार शहरात माणशी मासिक खर्च सरासरी ६९९६ रुपये असून त्यातील सुमारे ४० टक्के अन्नावर होतो, आणि अन्नखर्चातील सर्वांत मोठा वाटा पेये व तयार खाद्यपदार्थांचा आहे. उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्ये सांगितलेला नियम येथेही लागू पडतो. पण अन्नाच्या आतली वाटणी कशी बदलते, हे तो नियम सांगत नाही.

याच काळात ताट हे माप पुढे आले. भारत सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणीने ‘थाळीनॉमिक्स’ या नावाने घरच्या थाळीची किंमत मजुरीशी ताडून पाहिली. २००६-०७ पासून शाकाहारी थाळी मजुराला २९ टक्क्यांनी अधिक परवडू लागली, असा तिचा निष्कर्ष होता. अर्थतज्ज्ञ पुलाप्रे बालकृष्णन आणि अमन राज यांनी २०२३-२४ चीच खर्च पाहणी घेऊन ३० रुपयांची एक, अशा रोज दोन थाळ्या कोणाला परवडतात हे तपासले, तेव्हा ग्रामीण भागातील निम्म्यापर्यंत आणि शहरातील पाचव्या हिश्शापर्यंत लोकांना त्या परवडत नाहीत असे त्यांना दिसले. दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी पहिला काळातील बदल मोजतो आणि दुसरा आजची स्थिती, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

शिधा, तांदूळ आणि नाचणी

चिकपेटसारख्या भागात घरच्या ताटाचा विचार शिधापत्रिकेशिवाय करता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. कर्नाटकाने अन्नभाग्य योजनेत आणखी ५ किलोचे आश्वासन दिले. तांदूळ उपलब्ध न झाल्याने जुलै २०२३ पासून किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात जमा होऊ लागले आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळच देण्यात आला. रोख द्यावी की वस्तू द्यावी, हा अर्थशास्त्रातील जुना वाद येथे दोन वर्षांच्या आत दोन्ही रूपांत प्रत्यक्ष अनुभवास आला.

या ठिकाणी थोडे गणित करणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० उष्मांकांच्या रोजच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर अशी प्रमाणे सुचवली आहेत. चौघांच्या घराला या हिशेबाने महिन्याला ३० किलो धान्य, १० किलोंहून थोडी अधिक डाळ, ४८ किलो भाजी आणि ३६ लिटर दूध लागेल. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या माणशी दहा किलोंच्या योजनेत त्याच घराला ४० किलो तांदूळ मिळू लागला, म्हणजे धान्य गरजेपेक्षा अधिक आणि बाकी सारे बाजारातून आणायचे. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर कर्नाटकातील सहकारी ‘नंदिनी’ दुधापैकी टोन्ड दूध लिटरला ४६ रुपये झाले. त्या दराने ३६ लिटर दुधाचेच १६५६ रुपये होतात, आणि राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेत घरातील कर्त्या स्त्रीला मिळणारी रक्कम महिना २००० रुपये आहे. डाळ, भाजी आणि तेल यांचा हिशेब उरलेल्या ३४४ रुपयांच्या पुढचा आहे.

दुसरा मुद्दा धान्याच्या जातीचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात ते जेमतेम ७-८ मिलिग्रॅम भरते. दूध विकत घेणे जड जाणाऱ्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. परंतु तांदूळ फुकट आणि नाचणी विकत, अशी स्थिती असल्यावर पूर्वी गरिबाची मानली गेलेली रागीच तुलनेने महाग होते. कर्नाटकातील शिधावाटपात दक्षिण भागासाठी रागी आणि उत्तरेसाठी ज्वारी समाविष्ट करण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि केंद्राने २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये ठेवला आहे. हा दर शेतकऱ्याला आवश्यक आहे, पण विकत घेणाऱ्या गरीब घराला तो भारी पडतो. भरडधान्याच्या पुरस्कर्त्यांनी या अडचणीचे उत्तर अजून पुरतेपणी दिलेले नाही.

स्वयंपाकघरातील ज्ञान

तज्ज्ञांच्या मापांपेक्षा निराळी आणि त्यांच्याहून जुनी अशी एक भूमिका स्वयंपाकघरातच घडलेली आहे. मराठीत १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्रा’पर्यंत (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) पाककृतींच्या पुस्तकांची मोठी परंपरा आहे, परंतु ही पुस्तके मुख्यत्वे एकेका पदार्थाची कृती सांगतात. महिनाअखेरीला डब्यात काय उरले आहे त्यावरून उद्याचे जेवण ठरवण्याची विद्या पुस्तकात फारशी आलेली नाही. ती सासूकडून सुनेकडे आणि शेजारणीकडून शेजारणीकडे गेली.

या विद्येचे उत्तम उदाहरण म्हणजे बंगळूरच्या बाजूचे बस्सारू. कडधान्य आणि सोप्पू, म्हणजे पालेभाजी, एकत्र शिजवून त्याचे पाणी निथळून घेतात. निथळलेल्या पाण्यात वाटलेला मसाला घालून सारू होते आणि उरलेल्या डाळ-भाजीला फोडणी देऊन पल्या, म्हणजे कोरडी भाजी, होते. एका शिजवणीत, एका आचेवर दोन पदार्थ होतात आणि पाण्यात उतरलेले सत्त्वही वाया जात नाही. पुरणाच्या डाळीचे पाणी काढून केली जाणारी कटाची आमटी हे महाराष्ट्रातील याचेच भावंड आहे. फरक एवढाच की तेथे ती सणाची आहे आणि येथे रोजची. चिकपेटच्या मराठी घरात या दोन्ही रीती शेजारी नांदू शकतात. हिवाळ्यात अवरेकाळू, म्हणजे ओल्या पावट्याच्या जातीचे दाणे, स्वस्त झाले की त्यांचा मोसम साधणे, भाजी महागली की पिठल्यावर किंवा चिंचेच्या सारावर दिवस काढणे, शिळ्या भाताला फोडणी देणे, मंडई उठण्याच्या वेळी भाजी घेणे, ही याच नियोजनाची अंगे आहेत. जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी बसप्रवास विनामूल्य झाल्याने दूरच्या स्वस्त मंडईपर्यंत जाणेही हिशेबात बसू लागले आहे. धोरण आखणाऱ्यांच्या मनात तेव्हा भाजी होती की नव्हती, कोण जाणे, पण बस आणि भाजी यांचा संबंध पिशवी घेऊन निघणारीला चांगला ठाऊक आहे.

या भूमिकेवर घेतला जाणारा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. काटकसरीच्या कौशल्याचे कौतुक करता करता अपुऱ्या मजुरीची आणि वाढत्या भावांची जबाबदारी गृहिणीच्या माथी मारली जाते, असे स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या सांगत आल्या आहेत. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या महागाई प्रतिकार समितीने स्वयंपाकघरातील तुटवडा हा बाजाराचा आणि शासनाचा प्रश्न आहे, हे थाळ्या-लाटण्यांच्या मोर्च्यांतून मांडले.

इंधन, वेळ आणि सामायिक चूल

स्वस्त आहाराच्या जवळजवळ सर्व हिशेबांत धान्याची किंमत धरली जाते आणि स्वयंपाक करणारीचे श्रम शून्य किमतीचे मानले जातात. डाळ निवडणे, भिजवणे, वाटणे, पीठ दळून आणणे, पाणी भरणे ही कामे घरच्या जेवणाला स्वस्त करतात, कारण त्यांचे पैसे कोणी देत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे देत असल्याचे आढळले. घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईला तो वेळ शिवणयंत्रावर घालवता आला असता तर तिच्या ताटाची खरी किंमत काय ठरली असती, हे गणित या विषयाच्या केंद्रस्थानी यायला हवे, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे योग्य ठरेल.

श्रमांची ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग सामायिक चुलीचा आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. महाराष्ट्रात १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर आणि २०२० ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी, तर बंगळूरमध्ये १६ ऑगस्ट २०१७ रोजी सुरू झालेली, पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण देणारी इंदिरा कँटीन ही त्याची शासकीय रूपे आहेत. खोलीत चूल नसलेल्या हमालाला आणि एकट्या कारागिराला या कँटीनचा मोठा आधार आहे. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या कुटुंबाला मात्र ती घरच्या स्वयंपाकाचा पर्याय होऊ शकत नाही.

अनिर्णित राहिलेले

वरील सर्व भूमिकांनंतरही काही प्रश्न खुले राहतात. घराला पुरेसे अन्न आले म्हणजे घरातील प्रत्येकाला ते मिळाले असे होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातील १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरते हे कोणतीही थाळी-किंमत सांगत नाही. परगावाहून आलेल्या कामगाराचा शिधा, रोख आणि वस्तू यांतील निवड, भाव अचानक भडकले की मोडणारे नियोजन, यांवरही एकमत नाही. तांदळाच्या बाबतीत मात्र दिशा बदलताना दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने जादा पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर आणि मीठ यांचा संच देण्याचा निर्णय घेतला. केवळ धान्य म्हणजे जेवण नव्हे, हे कॉर्निश यांचे म्हणणे जवळजवळ दीडशे वर्षांनी या शासकीय निर्णयातही उतरले.

पाहण्यांचे आकडे शहराची आणि राज्याची सरासरी सांगतात. एका पेठेतील एका घराने एका महिन्यात काय आणले, काय टाळले आणि उधारी कधी फेडली, हे वाण्याच्या यादीत आणि गृहिणीच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले असते. अशा जुन्या वह्या आणि याद्या ज्यांच्या घरी पेटीत किंवा माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून त्यांतील वजने, भाव आणि सालांची नोंद करून ठेवावी.